विमान दोन तासांचं, वैताग दिवसभराचा!

ऑफिसच्या कामाने सारखं उडावं लागतं? मग रांगा, लेट फ्लाइट, मधली सीट आणि बेल्टवर न येणारी बॅग हे तुमचे जुने सोबती. या कटकटी होतात का, त्यातल्या कुठल्या टाळता येतात आणि कुठल्या कंपनीच्या खात्यावर टाकायच्या, याचा हा रोखठोक हिशोब!

‘काय, परत दिल्ली? मजा आहे बाबा तुझी!’ सतत विमानाने फिरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ढग असतात, खिडकी असते. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र पहाटे साडेतीनचा अलार्म आणि कॅन्सल झालेली कॅब! पहिल्या दोन-चार फेऱ्यांचं कौतुक असतं. बोर्डिंग पासचा फोटो काढला जातो, आई ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणते. दहाव्या फेरीला कुणी काही म्हणत नाही. बॅग तर पूर्ण उघडलेलीच नसते, नुसते शर्ट बदलायचे.

रांगेनंतर रांग

आपल्याकडे विमानप्रवास म्हणजे मुळात रांगांचा प्रवास. दारावर ओळखपत्राची रांग, बॅग द्यायची रांग, सिक्युरिटीची रांग, गेटवरची रांग, बसमध्ये उभं राहणं आणि शेवटी विमानात, पुढचे काका आपली बॅग वर कोंबेपर्यंतची रांग.

अर्थात काही गोष्टी सुधारल्यात, नाही असं नाही. हँडबॅगेला टॅग लावून त्यावर शिक्का मारून घ्यायची कटकट आठवते? तो शिक्का राहिला की गेटवरून परत! मुंबई, दिल्ली, बेंगळुरूसारख्या मोठ्या विमानतळांवरून २०१७ मध्ये ती गेली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीपासून ‘डिजियात्रा’ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यातही आली. चेहरा दाखवा, आत जा. पण सिक्युरिटीच्या ट्रेपाशी पोचलात की पुन्हा जैसे थे. तिथे पुढच्या माणसाला नेमकं तेव्हाच आठवतं की खिशात चिल्लर आहे, कमरेला बेल्ट आहे आणि पॉवर बँक बॅगेच्या तळाशी आहे.

यावर साधा फंडा आहे. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक एका वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा, घड्याळ-चिल्लर रांगेत असतानाच बॅगेत टाका. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चुकूनही नको. ती बॅग बाजूला काढली जाणार आणि तुम्हाला परत बोलावणं येणार, हे ठरलेलं.

‘ऑपरेशनल रीझन्स’ म्हणजे काय रे भाऊ?

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे लेट फ्लाइट. त्यातही पुण्याचं आकाश निरभ्र आणि बोर्डावर ‘डिलेड’! गेटवरच्या पोरीला विचारलं तर उत्तर पाठ केलेलं, ‘सर, इनकमिंग एअरक्राफ्ट लेट आहे.’ ही थाप वाटते, पण बहुतेक वेळा तेच खरं असतं.

तुमचं विमान काही सकाळपासून तुमच्यासाठी उभं नसतं. ते दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. उतरलं की अर्ध्या तासात झाडून-पुसून परत उडतं. सकाळच्या फेरीला चाळीस मिनिटं उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक शहरात सांडत जातो आणि संध्याकाळपर्यंत कधी कधी दोन तासांचा होतो. म्हणून दिवसाची पहिली फ्लाइट सहसा वेळेवर सुटते आणि रात्री आठची रखडते.

त्यात प्रत्येक शहराचं स्वतःचं दुखणं आहे. पुण्याचं नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, ऐसपैस झालं, पण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि ती एकच. मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि आपण गोल गोल फिरत खाली कल्याण-डोंबिवली बघत बसतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडायला लागली आहेत. तेव्हा ‘मुंबई’ एवढंच वाचून तिकीट काढू नका, विमानतळ कुठला ते बघा!

दिल्लीचं धुकं तर प्रसिद्धच. तिथे दाट धुक्यात उतरता येईल अशी यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमान सुसज्ज हवं आणि पायलट प्रशिक्षित. गंमत म्हणजे उतरण्यापेक्षा उडायला जास्त दूरचं दिसावं लागतं. म्हणजे विमान उतरतं आणि तिथेच अडकतं. तेच विमान संध्याकाळी तुम्हाला न्यायला यायचं असतं! त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची मीटिंग सकाळी दहाला ठेवणाऱ्या बॉसला नमस्कार करावा आणि दुपारी दोनची वेळ सुचवावी.

आणि डिसेंबर २०२५ कोण विसरेल? पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाल्यावर इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट रद्द झाल्या. चिडणं साहजिक होतं. पण पायलटला आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास सलग विश्रांती मिळावी, हा त्यातला नियम वाईट आहे का? थकलेल्या माणसाने विमान चालवू नये, हे आपल्याला पटतं. थकलेल्या माणसाने प्रेझेंटेशन देऊ नये, हे मात्र कुणाला पटत नाही.

मधल्या सीटचं दुःख

स्वस्त तिकिटाच्या विमानात पुढच्या आणि आपल्या सीटमध्ये साधारण २९-३० इंचांचं अंतर असतं. उंच माणसाने गुडघे कुठे ठेवायचे हा त्याचा खासगी प्रश्न. पुढच्याने सीट मागे टाकली की लॅपटॉप पोटाशी. मधल्या सीटवाल्याला तर दोन्ही कोपर अंगाशी धरून बसायचं. तेव्हा एक अलिखित नियम पाळू या. खिडकीवाल्याला खिडकी, आइलवाल्याला पाय पसरायची वाट, मग मधल्याला निदान दोन्ही आर्मरेस्ट!

उतरल्यावर डोकं जड का होतं, याचंही कारण आहे. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे नुसतं बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्याही वर जाऊन येता. हवेतला ओलावाही २० टक्क्यांच्या खाली गेलेला असतो. म्हणून घसा कोरडा, डोळे चुरचुरतात. पाणी पीत राहा. सर्दी असेल तर विमान खाली यायला लागल्यावर झोपू नका. आवंढे गिळा, जांभया द्या, कान वाचतील.

आणि चाकं जमिनीला लागल्याक्षणी सुरू होणारं ते ‘हां सर, लँड झालोय, कॉलवर येतो पाच मिनिटांत!’ सर, दार उघडायला अजून दहा मिनिटं आहेत. बसा की जरा.

बेल्टवरची वाट

एका रात्रीच्या कामासाठी चेक-इन बॅग नकोच. तरी द्यावी लागली तर हे माहीत असू द्या. विमानाचं इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटांत पहिली आणि ३० मिनिटांत शेवटची बॅग बेल्टवर यायला हवी, असं सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलंय. बॅग आलीच नाही, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. घरी जाऊन फोन करू म्हणालात तर प्रकरण लांबलंच म्हणून समजा.

हे हक्क पाठ करा!

* फ्लाइट दोन तास लेट झाली (लांबच्या प्रवासाला तीन-चार तास), तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. मागा, लाजू नका.
* सहा तासांहून जास्त लेट होणार असेल, तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत.
* २४ तास आधी न सांगता फ्लाइट रद्द केली, तर पर्यायी फ्लाइट किंवा परताव्याशिवाय भरपाईही. प्रवासाच्या वेळेप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यात जे कमी असेल ते.
* धुकं, वादळ, संप अशा हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही.
* सगळ्यात महत्त्वाचं! बुकिंगमध्ये तुमचा नंबर नसेल तर भरपाईचा दावा फसू शकतो. ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क अनेकदा स्वतःचाच नंबर टाकतो. आजच तपासा.

खरा हिशोब

आता एक बेरीज करू. पुण्याहून दिल्लीला जाऊन त्याच दिवशी परत. पहाटे साडेतीनला उठलात, रात्री बाराला घरी आलात. झाले साडेवीस तास. त्यातले हवेत साधारण चार, मीटिंग दोन तासांची. उरलेले साडेचौदा तास कॅबमध्ये, रांगेत, लाउंजच्या दाराशी आणि ‘डिलेड’ बोर्डाकडे बघण्यात. कंपनीच्या टाइमशीटवर मात्र आठच तास! बाकीचे कुणी भरले? तुमच्या झोपेने आणि घरच्यांनी. वर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा कॉल आहेच.

लहान सीट, महाग सँडविच, लेट फ्लाइट या सगळ्यावर आपण चिडतो, पण चिडतो विमान कंपनीवर. खरं बोलायला हवं ते मॅनेजरशी. रात्री दहानंतर उतरलो तर दुसऱ्या दिवशी उशिरा येईन. पहाटेची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीचं हॉटेल द्या. अहमदाबादला जायचं तर साडेपाच तासांची वंदे भारत चालेल का, निदान बसून काम तरी होईल. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, ही मीटिंग व्हिडिओ कॉलवर होणार नाही का?

हे मागणं म्हणजे लाड नव्हेत. तिकिटाची पावती ऑफिसला देता, तशी तासांचीही द्या. तीन महिन्यांच्या फेऱ्या आणि घराबाहेर गेलेले तास एका एक्सेल शीटमध्ये मांडा आणि पुढच्या अप्रेझलला ती शीट उघडून समोर ठेवा. आकडे बघितले की बॉस लोकांना पटकन कळतं!