पदव्युत्तर कृषिशिक्षण : पालकांनी काय जाणावे?

ईश्वरपूरच्या (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील शेतकरी कुटुंबांतून कृषी पदवीधर झालेल्या काही मुलामुलींना पीकशास्त्राच्या पुढील शिक्षणाची ओढ असते. परीक्षेचा अभ्यास घरकाम सांभाळूनही होईल, असे काही पालकांना वाटते. हा समज बरोबर नव्हे.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमानुसार एम. एस्सी. (कृषी) पदवीस किमान चार सत्रे, म्हणजे दोन वर्षे लागतात. एकूण ७० श्रेयांकांपैकी मुख्य विषयास २०, दुय्यम विषयास ८, पूरक विषयांस ६, सर्वसाधारण विषयांस ५ व परिसंवादास १ श्रेयांक आहे. उरलेले ३० श्रेयांक प्रबंधाच्या संशोधनाचे असतात. पीएच. डी. मध्ये तर १०० पैकी ७५ श्रेयांक संशोधनासाठीच आहेत.

वनस्पती पैदासशास्त्रात हे संशोधन पुष्कळदा उभ्या पिकावर चालते. खरीप सोयाबीनच्या फुलोऱ्यात विद्यार्थी प्रक्षेत्रावर नसला, तर हुकलेली नोंद पुढील खरिपातच घेता येते आणि पदवी वर्षभर लांबू शकते. यास्तव सुगीसाठी किंवा ऊसतोडीसाठी मुलास वा मुलीस मध्येच घरी बोलावू नये. दोन वर्षांच्या खर्चाची व शेतकामाची तजवीज प्रवेशापूर्वीच करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पालकांस समजावून द्यावी. सोयाबीनचा ‘फुले संगम’ हा वाण सांगली जिल्ह्यातीलच कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने दिला आहे. असा वाण अनेक हंगामांच्या काटेकोर नोंदींतून सिद्ध होतो. तशा नोंदी ठेवण्याची शिस्त विद्यार्थ्यास या ३० श्रेयांकांतच लागते.