डोळे मिटल्यावर दिसणारा साप

नेवाशाचा ‘पैस’ खांब आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या, प्रवरेकाठच्या या गावी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, हा ग्रंथ पूर्ण झाला. त्याचा सहावा अध्याय ध्यानावर आहे. गीतेच्या मूळ सहाव्या अध्यायात आसन, एकाग्रता, मनाचा निग्रह यांची चर्चा आहे. कुंडलिनीचे नाव तेथे नाही. नाथपंथाच्या परंपरेतली ही कल्पना ज्ञानेश्वरांनी तेथे आणली, आणि वेटोळे घालून निजलेल्या लहानशा नागिणीच्या रूपात ती वाचकापुढे उभी केली.

आता प्रश्न असा, की ध्यानाला बसलेल्या माणसाला अशी नागीण ‘दिसते’ म्हणजे नेमके काय होते? शवविच्छेदनात ती सापडत नाही. मग पाहणारा खोटे बोलतो का? तसेही नाही.

स्वित्झर्लंडचे मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांना या प्रश्नाने ओढून घेतले होते. १९३२ साली त्यांनी झुरिच येथे कुंडलिनी योगावर व्याख्याने दिली. त्यांचे म्हणणे असे, की माणसाच्या नेणिवेत काही मूळ साचे असतात. माता, ज्ञानी वृद्ध, वीर, स्वतःचीच नाकारलेली काळी बाजू म्हणजे ‘छाया’, हे त्यांतले काही. मराठीत आपण यांना आदिबंध म्हणतो. शांत बसावे, मनात उठणारी आकृती येऊ द्यावी, तिला प्रश्न विचारावा, उत्तर लिहून ठेवावे, ही युंग यांची पद्धत. ‘सक्रिय कल्पना’ असे तिचे नाव. आजही ध्यान आणि कल्पनाचित्रे यांची सांगड घालणारे अनेक वर्ग याच वाटेने जातात.

यातले विज्ञानाच्या कसोटीला किती उतरते, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, मनातले चित्र ही मेंदूतली खरी घटना आहे. २००० साली कॅथलीन ओक्रेव्हन आणि नॅन्सी कॅन्विशर यांनी काही व्यक्तींच्या मेंदूचे चुंबकीय प्रतिमातंत्राने निरीक्षण केले. चेहरा प्रत्यक्ष पाहताना मेंदूचा जो भाग काम करतो, तोच भाग चेहऱ्याची नुसती कल्पना करतानाही काम करू लागला. जागेची कल्पना केली तेव्हा जागा ओळखणारा भाग जागा झाला. हा परिणाम प्रत्यक्ष पाहण्याइतका जोरदार नव्हता, पण होता.

दुसरी गोष्ट, हे साचे जन्मजात असतात का? सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांचे १९८९-९० च्या सुमाराचे प्रयोग येथे उपयोगी पडतात. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती. त्यांना एक चित्रफीत दाखवली. तीत दुसरे माकड खेळण्यातल्या सापाला घाबरत होते. ती पाहून ही माकडेही सापाला घाबरू लागली. मग फितीत फेरफार करून तेच माकड फुलांना घाबरते आहे असे दाखवले. फुलांची भीती मात्र कोणी शिकले नाही! म्हणजे सापाचे तयार चित्र वारशाने आले नव्हते. आली होती ती सापाची भीती चटकन शिकण्याची तयारी. माणसाच्या आदिबंधांबद्दलही इतपतच म्हणणे सुरक्षित आहे. बाकीचे रंग आपण ऐकलेल्या गोष्टी, नागपंचमीची चित्रे आणि आजीची भुते भरतात. आपल्याकडच्या मुलाच्या मनातला ज्ञानी वृद्ध पागोटे घालून येतो, याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट, या चित्रांवर काम करता येते का? येते. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर एक उपचार आहे. जागेपणी ते स्वप्न आठवायचे, त्याची गोष्ट हवी तशी बदलायची आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे डोळ्यांपुढे आणायचे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर या उपचाराची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांची भयस्वप्ने कमी झाली, झोप सुधारली. मात्र हे काम प्रशिक्षित उपचारकाच्या देखरेखीखाली झाले, हे विसरू नये.

येथेच शिक्षकांसाठी सावधगिरीचे दोन मुद्दे येतात.

मनात जे दिसले ते घडलेच होते, असे मानू नये. १९९६ साली मेरिअन गॅरी व सहकाऱ्यांनी दाखवले, की बालपणातल्या एखाद्या प्रसंगाची क्षणभर कल्पना केली, तरी तो प्रसंग खरोखर घडला असावा असे लोकांना अधिक वाटू लागते. म्हणून ‘डोळे मिट आणि लहानपणी काय झाले ते पाहा’ असे मुलाला कधीही सांगू नये.

दुसरा मुद्दा माझ्या अनुभवाचा आहे. विद्यार्थिदशेत मी एका ध्यानशिबिराला गेलो होतो. “हृदयात ज्योत पाहा,” असे मार्गदर्शक म्हणाले. नंतर त्यांनी एकेकाला विचारले. सर्वांना ज्योत दिसली होती. मला अंधाराखेरीज काही दिसले नव्हते. पण मीही “दिसली” म्हणालो. आपल्या मनातच काही खोट आहे, असे पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० सालीच नोंदवले होते, की सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवायला सांगितले तर काहींना ते लख्ख दिसते, तर काहींना मुळीच दिसत नाही. आणि न दिसणाऱ्यांत नामवंत वैज्ञानिकही होते. २०१५ साली अ‍ॅडम झेमन यांनी या स्थितीला ‘अफँटेझिया’ हे नाव दिले. शंभरात एक ते चार माणसे अशी असतात. हा आजार नव्हे. तो ध्यानातला आळस नव्हे, की श्रद्धेची उणीवही नव्हे.

गाल्टन यांचा प्रयोग वर्गात सहज करता येईल. मुलांना डोळे मिटून सकाळचे जेवणाचे ताट आठवायला सांगा. ते किती स्पष्ट दिसले, त्याला शून्य ते पाच असा आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगा; नाव लिहू नये. मग फळ्यावर स्तंभालेख काढा. चाळीस मुलांच्या वर्गात शून्य लिहिणारे एखादे मूल निघण्याचा संभव आहे. ‘शून्य हेही बरोबर उत्तर आहे’ हे वाक्य चिठ्ठ्या वाटण्यापूर्वीच मोठ्याने म्हणा. त्या मुलाला मग माझ्यासारखे खोटे बोलावे लागणार नाही.