चढाला बंद न पडणारी गाडी

सकाळी साडेसात

शटर वर केलं की आधी रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या उतरवायच्या. मग पोऱ्या झाडू मारतो आणि मी कालची अर्धवट राहिलेली कामं डोळ्यांखालून घालतो. नोव्हेंबर लागला, इंद्रायणी भाताची कापणी सुरू झाली, की भोरच्या गॅरेजांत पिकअप आणि ट्रॅक्टर आधी. भात शेतात पडून चालत नाही, त्यामुळे घरच्या मोटारी मागे राहतात. आजही एका पिकअपचे मागचे ब्रेक उघडून ठेवलेत आणि मालकाचे फोन आत्तापासूनच सुरू झालेत.

साडेआठ

गुरुजी आले. वेल्ह्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्याकडे सगळे वेल्हेच म्हणतात. गाडी १९९४ ची मारुती ८००. कार्बोरेटर, सीबी पॉइंट, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. रंग उडालाय, पण पत्रा शाबूत. नवी नंबरप्लेट बसवून घेतलीय. वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी २०२५ साली पाच हजारांवरून दहा हजार झाली, याबद्दल गुरुजींनी दारातच सरकारला चार शब्द सुनावले. एवढं करून गाडी ठेवलीय म्हणजे विकायची नाही, हे कळलं.

तक्रार एका वाक्याची : चालता चालता बंद पडते. कधी दोन गचके देऊन पुन्हा धरते, कधी साफ बंद. किल्ली मारली की लगेच चालू.

त्यांनी बिलांची फाइल काढली. नवी कॉइल, नवे प्लग, प्लगच्या वायरी, कार्बोरेटरचं किट, शेवटी पेट्रोलचा एसी पंपसुद्धा. दोन-तीन ठिकाणी दाखवून झालंय आणि प्रत्येकानं गाडी परत देताना म्हटलंय की आमच्याकडे तर बंद पडली नाही. खोटं नाही बोलले. पेशंट दवाखान्याच्या पायरीवर आला की ताप उतरतो, तसा हा आजार.

गुरुजींचं स्वतःचं निदान पेट्रोलवर होतं. "मिस्त्री, हे इथेनॉल. वीस टक्के मिसळतात आता. जुन्या गाडीला कसं पचणार?" चूक काही नाही. जुनी रबरी नळी त्यानं नरम पडते, आणि पाणी ओढायची खोड इथेनॉलला आहेच. पण पाण्यानं किंवा कचऱ्यानं अडलेली गाडी किल्ली फिरवल्याबरोबर इतकी गुणी पोरासारखी चालू होत नाही. कॉइल गरम होऊन मेली असती, तरी थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागली असती. "लगेच चालू होते" या तीन शब्दांनी निम्मी बिलं बाद झाली.

नऊ

बॉनेट न उघडता मी प्रश्न विचारत बसलो. पोऱ्याला हे पटत नाही, त्याच्या हाताला पाना लागतो. गाडी थंड असताना की तापल्यावर? दोन्ही. टाकी भरलेली की उतरलेली? काही संबंध नाही. खड्ड्यात? नाही, उलट चांगल्या रस्त्यावर जास्त. पावसात? पावसाळ्यात सुरू झालं, पण पाऊस गेला तरी आहेच. पाबे घाटात?

"घाटात कधीच नाही," गुरुजी म्हणाले. "चढाला एकदाही बंद पडली नाही. म्हणून तर सगळे म्हणतात इंजिन चांगलंय."

हे फाइलमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नसणार. गाडी कधी बंद पडते हे सगळे ऐकतात, कधी पडत नाही हे विचारायचं राहून जातं. पेट्रोल कमी पडत असतं तर ती आधी चढाला मेली असती, कारण तिथेच तिला सगळ्यात जास्त लागतं. इथे उलटं होतं. पाय दाबला की ठीक, सपाटीला हलका पाय ठेवला की गोंधळ.

साडेनऊ ते अकरा

तरी साध्या गोष्टी आधी. बॅटरीचे टर्मिनल हातानं पिळून बघितले. इंजिनाची अर्थिंगची पट्टी खोलून, घासून परत आवळली. किल्लीचा जुडगा भला मोठा, घराच्या कुलपांपासून धान्याच्या कणगीपर्यंत सगळ्या किल्ल्या त्यात. अशा ओझ्यानं स्विचचे आतले पॉइंट झिजतात, म्हणून इंजिन चालू ठेवून जुडगा हलवला, खाली ओढला. काही नाही. फ्यूजच्या डब्यावर थापट्या मारल्या, वायरिंगचा गठ्ठा इकडेतिकडे वाकवला. इंजिन आपलं गुरगुरतंय.

एसी पंपाची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारला, पेट्रोल पिचकारीसारखं आलं. दोन नळ्या खरंच लिबलिबीत झाल्या होत्या, त्या बदलल्या. गुरुजींचा चेहरा खुलला. मी म्हटलं, हे वेगळं काम झालं, तुमचा फॉल्ट अजून गाडीतच आहे.

मग गाडी तशीच चालू सोडून मी पिकअपच्या ब्रेककडे वळलो. ती तासभर चालली, पंखा लागला, सुटला, बंद काही पडली नाही. उभ्या गाडीत बंद पडणार नाही असं वाटतच होतं, पण वाटण्यावर काम करायचं नसतं.

अकरा

नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना त्यासाठी एकाच नमुन्याचा सॉकेट सक्तीचा आहे, आपल्याकडे २०१० नंतर बीएस-४ बरोबर ते आलं. गाडी बंद पडली तर तिचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्या क्षणाची नोंद ठेवतो. या मारुतीत नोंद ठेवणारं कुणी नाही. ती नोंद आपणच करायची.

माझ्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला एक काट्याचा टॅकोमीटर आहे. चार, सहा आणि आठ सिलिंडरसाठी केलेला, त्यामुळे तीन सिलिंडरला आकडा चुकीचा दाखवतो. मला आकडा नको, काटा हवा. त्याची वायर कॉइलच्या मायनसला जोडली. कॉइलच्या प्लसवरून दुसरी वायर काढून तिला बारीक बल्ब लावला. दोन्ही वायरी बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेतल्या आणि मीटर, बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं बसवले.

पोऱ्याला समजावलं. गाडी बंद पडताना बल्ब विझला तर दोष किल्लीकडून येणाऱ्या करंटमध्ये. बल्ब चालू आणि काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला तर पेट्रोल. बल्ब चालू, गाडी अजून गिअरमध्ये पळतेय, चाकं इंजिन फिरवतायत आणि काटा मात्र एकदम शून्यावर आपटला, तर कॉइलच्या पुढे, डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये. तिघांपैकी एकजण सापडणारच.

साडेअकरा

गाडी मी घेतली नाही. चालवायला गुरुजी, शेजारी मी, मागे पोऱ्या. मिस्त्री लोक गाडी तपासायला नेतात तेव्हा रेस करतात, पाय दाबून पळवतात. ही गाडी दाबलेल्या पायाला बंद पडत नाही, म्हणजे आमच्या पायाखाली ती कधीच पडली नसती. गुरुजींचा पाय वेगळा. पेट्रोल वाचवायचं म्हणून ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवल्यासारखा.

भोर ते कापूरहोळ काहीच झालं नाही. मधे एकदा काटा थरथरला, पण रस्त्याचा धक्का होता की काय कळलं नाही. हायवेवर ट्रकांच्या रांगेत मला धाकधूक, इथे बंद पडली तर मागून येणारा काय करणार. गुरुजी निवांत. चेलाडी फाट्याला वळून नसरापूर ओलांडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भाताच्या पेंढ्या, समोर राजगडाचा बालेकिल्ला. गुरुजी गडाचा इतिहास सांगायला लागले. मी हूं हूं करत काट्याकडे बघत होतो.

मार्गासनीच्या अलीकडे, चौथ्या गिअरमध्ये, पंचेचाळीसच्या आसपास वेग असताना गाडीनं गचका दिला. काटा शून्यावर. बल्ब लख्ख. पुन्हा काटा वर, पुन्हा गचका, पुन्हा शून्य. गुरुजींनी सवयीनं क्लच दाबला आणि इंजिन साफ बंद. गाडी कडेला घेतली. त्यांनी किल्ली फिरवली, चालू.

"बघितलंत?" ते म्हणाले. इतके दिवस आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तो सगळा राग त्या एका शब्दात होता.

साडेबारा

बॉनेट उघडलं. आता बघायची जागा एवढीशी उरली होती : डेल्को आणि त्यातून कॉइलकडे जाणारी वायर.

डेल्कोच्या कुशीला पत्र्याची एक चपटी डबी असते, तिला कार्बोरेटरकडून बारीक रबरी पाइप येतो. हलक्या पायानं गाडी पळत असली की त्या पाइपमध्ये ओढ तयार होते. डबीतला पडदा ती ओढ घेतो आणि सीबी पॉइंट ज्या प्लेटवर बसलेत ती प्लेट थोडी फिरवतो, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते. पाय पूर्ण दाबला की ओढ संपते, प्लेट जागेवर येते. गाडी उभी, इंजिन मंद चालू, तेव्हाही या पाइपला ओढ नसते. चढाला नाही, गॅरेजात नाही, फक्त सपाटीला हलक्या पायावर. गुरुजींनी सांगितलेलं वेळापत्रक आणि या प्लेटचं वेळापत्रक एकच होतं. आणि इंजिन मेलं की ओढही जाते, प्लेट मागे येते, म्हणून किल्ली मारताच चालू.

इंजिन मंद चालू ठेवलं. पाइपचं कार्बोरेटरकडचं टोक काढलं, शर्टाला पुसलं, तोंडात धरलं आणि ओढलं. रबराची आणि पेट्रोलची कडू चव. इंजिनाचा आवाज क्षणभर वर गेला आणि खटकन बंद. तोंडातून पाइप सोडला, गुरुजींनी सेल्फ मारला, चालू. पुन्हा ओढला, बंद. पोऱ्याला म्हटलं तू कर. त्यानंही मारून दाखवली. इतके महिने न सापडणारी गोष्ट आता तोंडानं हुकमी करता येत होती. गुरुजींनाही एकदा ओढून बघायचं होतं. बघितलं.

पाइप परत न लावता त्याच्या तोंडात एक स्क्रू पिळून बंद केला. आता प्लेट हलणारच नाही. पेट्रोल थोडं जास्त पिईल, पण बंद पडणार नाही.

दीड

गुरुजींच्या घरी जेवण. नाही म्हणायची सोय नव्हती. नव्या तांदळाचा भात, आमटी, ठेचा. काकूंनी विचारलं, सापडलं का? गुरुजींनी सगळी हकिकत पाइप तोंडात धरायच्या अभिनयासकट सांगितली. काकू म्हणाल्या, मग इथेनॉलचं काय झालं?

पावणेचार

विंझर, मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ असे परत आलो. सगळा रस्ता हलक्या पायानं, मुद्दाम. काटा एकदाही पडला नाही. स्क्रूनं आणखी एक साक्ष दिली.

गॅरेजात डेल्कोची टोपी काढली, रोटर काढला. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत बोटभर लांबीची एक वायर. वरून धडधाकट, रबर कुठे फाटलेलं नाही, दोन्ही टोकांचे लग घट्ट. मीटर लावला, सलग आवाज. चिमटीत धरून थोडी ताणली, आवाज गेला. सोडली, आला.

ब्लेडनं तिचं रबर उभं चिरलं. आत तांब्याच्या बारीक तारा टर्मिनलच्या बाजूला, जिथे वायर रोज वाकते तिथे, एकूण एक तुटलेल्या. तुटलेली टोकं काळी पडलेली, एकमेकांवर घासून गोल झालेली. रबराच्या नळीत ती दोन टोकं नुसती टेकून उभी होती. प्लेट फिरली की वायर ताणली जायची, टोकं केसभर लांब व्हायची, करंट तुटायचा. नवी कॉइल, नवे प्लग, सगळ्यांचा करंट या टेकलेल्या टोकांमधून चालला होता. कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सरची ही मूळ मांडणी अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास केली आणि तेव्हापासून ती याच धाटणीची आहे. तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, म्हणून मिस्त्री नेहमीच्या चार गोष्टी बदलतात आणि पाचवीकडे बघत नाहीत. ती पाचवी वायर सुटी कुठे मिळतही नाही, पूर्ण डेल्को घ्या म्हणतात.

ती बनवायला अर्धा तास गेला. वायर जाड पण लवचीक हवी, भरपूर बारीक तारांची. घरच्या फिटिंगची कडक वायर घातली तर सहा महिन्यांत पुन्हा हेच. लग दाबून वर कथील दिलं, पण थोडंच. कथील आत झिरपलं की वायर ताठ होते आणि नेमकी त्याच्या कडेला तुटते. लांबी जुनीपेक्षा जरा जास्त ठेवली, प्लेट पूर्ण फिरली तरी ढिली राहील अशी, आणि रोटरला घासणार नाही असा तिचा वळसा बसवला. प्लेटची अर्थिंगची वेणी तपासली, ती चांगली होती. पॉइंट पॉलिश पेपरनं साफ करून गॅप फिलर गेजनं लावला, टायमिंग लाइटवर जुळवलं. मग पाइप तोंडात धरून जीव खाऊन ओढला. आवाज वर गेला आणि वरच राहिला.

मधे पिकअपवाला येऊन ओरडून गेला. पोऱ्यानं त्याचे ब्रेक बांधले, मी हवा काढून दिली.

सहा

नेकलेस पॉइंटपर्यंत जाऊन परत. चालवायला गुरुजी, मीटर अजून डॅशबोर्डवर. तिथे गाड्या लावून नदीच्या वळणाचे फोटो काढणारी गर्दी, आमच्या वायरी लटकत असलेल्या मारुतीकडे दोघांनी वळून बघितलं. काटा कुठे हलला नाही. आल्यावर वायरी काढल्या.

सात

बिल करताना गुरुजी म्हणाले, "वायर केवढ्याची?"

"वायरचे पैसे लावलेच नाहीत. नळ्यांचे आणि मजुरीचे आहेत."

"म्हणजे दिवसभर विचार केल्याचे."

"आणि पाइप ओढल्याचे."

मग त्यांनी फाइल उघडून जुनी बिलं एकेक करून दाखवली, यातलं काय फुकट गेलं? मी सांगितलं, प्लग आणि वायरी कधीतरी लागल्याच असत्या. जुनी कॉइल मात्र चांगली असणार. ती टाकून दिली नसेल तर फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. त्यांनी ठेवलेली होतीच, धान्याच्या कणगीमागे. पाचशे किलोमीटरनंतर पॉइंटचा गॅप बघायला गाडी आणायची, आणि तो किल्ल्यांचा जुडगा तेवढा कमी करायचा, हे बिलाच्या मागे लिहून दिलं. जुडग्याचं त्यांना पटलेलं दिसलं नाही.