अस्पष्ट औषधचिठ्ठी व तातडीचा औषधपुरवठा : औषधनिर्मात्याची जबाबदारी

प्रस्तावना

डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णाच्या हाती पडणारे औषध यांच्यामधील अखेरचा प्रशिक्षित दुवा म्हणजे औषधनिर्माता होय. चिठ्ठी वाचता न येणे आणि चिठ्ठीच नसणे, या दोन प्रसंगी त्याच्या निर्णयशक्तीची खरी कसोटी लागते. या प्रसंगांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अस्पष्ट चिठ्ठी

इंग्लंडमधील अपील न्यायालयाचा 1989 सालचा एक निर्णय या संदर्भात उद्बोधक आहे. छातीच्या विकारासाठी डॉक्टरांनी 'अमॉक्सिल' हे प्रतिजैविक लिहिले होते. दुकानात ते 'डाओनिल' असे वाचले गेले. डाओनिल हे मधुमेहावरील औषध. रुग्णास मधुमेह नव्हता. रक्तातील साखर अतिशय खालावून त्याच्या मेंदूस कायमची इजा झाली. न्यायालयाने 25 टक्के दायित्व डॉक्टरांवर, तर 75 टक्के औषधनिर्मात्याच्या पक्षावर ठेवले.

अक्षर डॉक्टरांचे वाईट, मग अधिक दोष औषधनिर्मात्याचा का? कारण नाव संदिग्ध असले तरी उर्वरित मजकूर स्पष्ट इशारा देत होता. चिठ्ठीवर मात्रा 250 मिलिग्रॅम होती. डाओनिलची गोळी 5 मिलिग्रॅमची असते. दिवसातून तीनदा घ्यावयाच्या केवळ 21 गोळ्या लिहिल्या होत्या. शिवाय तेथे मधुमेहींना औषधशुल्क माफ असताना या रुग्णाने पैसे भरले होते.

यावरून कार्यपद्धती निश्चित होते. औषधाचे नाव, मात्रा, वेळा, गोळ्यांची संख्या, सोबतची औषधे व रुग्णाचा विकार यांचा मेळ बसला पाहिजे. तो न बसल्यास डॉक्टरांशी संपर्क साधून खात्री करावी व तशी नोंद ठेवावी. तोवर अंदाजाने औषध देऊ नये. भारतातील औषध नियम, 1945 नुसार चिठ्ठी लेखी असावी, तीवर डॉक्टरांची स्वाक्षरी, दिनांक, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण व मात्रा असावी. अनुसूची 'एच' मधील औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देण्यास मनाई आहे. सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची अपेक्षा तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने 2016 मध्ये नियमांत समाविष्ट केली. सुवाच्य चिठ्ठी हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील हक्काचा भाग असल्याचे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2025 मध्ये म्हटले.

तातडीचा पुरवठा

औषध नाकारणे नेहमीच सुरक्षित नसते. इन्सुलिन किंवा अपस्मारावरील औषध अचानक खंडित झाल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. ब्रिटनच्या 2012 च्या मानवी औषध नियमांनी यासाठी मार्ग ठेवला आहे. औषधनिर्मात्याने रुग्णाची चौकशी करावी, निकड खरी आहे व ते औषध पूर्वी डॉक्टरांनी दिलेले आहे याची खात्री करावी आणि सामान्यतः 30 दिवसांपर्यंतचाच साठा द्यावा. बहुतेक नियंत्रित औषधांना ही सवलत नाही. डॉक्टरांच्या विनंतीवरून औषध दिल्यास चिठ्ठी 72 तासांत पोहोचावी लागते.

आपल्या 1945 च्या नियमांत अशी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे नियम मोडणे किंवा रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठविणे, अशा पेचात औषधनिर्माता सापडतो. अशा वेळी डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधून देणे अथवा नजीकच्या रुग्णालयाची वाट दाखविणे, हे त्याचे किमान कर्तव्य ठरते.

समारोप

दोन्ही प्रसंगी अंदाज घातक आणि उदासीनताही घातक. म्हणून औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापनात औषधांच्या माहितीइतकेच, शंका केव्हा घ्यावी व कोणाला विचारावे याचे शिक्षणही आवश्यक आहे.