दुसरी वाट मोकळी ठेवू या

दिनांक 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळचे दहा वाजले होते. करोनाच्या साथीमुळे बहुतेक घरांचे कार्यालय आणि शाळा झाली होती. अशा वेळी अकस्मात मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज गेली. कल्याणजवळच्या पडघ्याहून कळव्याकडे येणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद असताना दुसरीही बंद पडली आणि महानगराचा वीजपुरवठा कोलमडला. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. काही तासांनी वीज टप्प्याटप्प्याने परतली आणि आपण तो दिवस विसरूनही गेलो.

वास्तविक तो दिवस विसरण्याजोगा नव्हता. वीज पूर्वीही जात असे. त्या वेळी दिवे आणि पंखे बंद पडत, परंतु शाळेचा फळा, दुकानाची वही, खिशातील नोटा आणि शेजाऱ्याची हाक या गोष्टी चालूच राहत. आज या साऱ्या गोष्टी आपण एकाच यंत्रात आणून ठेवल्या आहेत. म्हणून हे अवलंबन नेमके कसले आहे, ते समजून घेणे आवश्यक आहे.

एका व्यवहारामागची साखळी

कल्याणच्या बाजारात आपण भाजीवाल्या मावशींना वीस रुपये देण्यासाठी मोबाइलने चौकोनी संकेतचिन्ह टिपतो. आपल्याला ही देवाणघेवाण दोघांतीलच वाटते. प्रत्यक्षात आपला मोबाइल, त्यातील अ‍ॅप, दूरध्वनी कंपनीचा मनोरा, आपली बँक, राष्ट्रीय देयक महामंडळाची मध्यवर्ती यंत्रणा आणि मावशींची बँक अशी लांब साखळी त्या क्षणी कामाला लागते. यांपैकी एक कडी निसटली तरी वीस रुपये अडकतात.

एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेल्या या यूपीआय पद्धतीने ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ही कामगिरी निश्चितच अभिमानास्पद आहे. तथापि त्याच वर्षी 26 मार्च आणि 12 एप्रिल रोजी ही सेवा देशभर विस्कळीत झाली, तेव्हा ज्यांच्या खिशात शंभराची नोट होती त्यांचे काम झाले. बाकीचे यंत्रणा पूर्ववत होण्याची वाट पाहत उभे राहिले.

सोयीचे ऋण

याचा अर्थ तंत्रज्ञान वाईट आहे असा मुळीच नव्हे. आपल्या शहराला हे कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने या शतकाच्या आरंभीच आपला कारभार संगणकावर आणला आणि नागरी सुविधा केंद्रे उघडली. करभरणा, दाखले आणि तक्रारी यांसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे होणारी नागरिकांची पायपीट त्यामुळे कमी झाली. हाच नमुना पुढे राज्यातील इतर नगरांसाठी स्वीकारण्यात आला.

लोकलच्या तिकिटाचेही तसेच. एके काळी कल्याण स्थानकावरील तिकिटाच्या रांगेत अर्धा तास सहज जात असे. मग कूपनांच्या पुस्तिका आल्या, स्मार्ट कार्डावर चालणारी यंत्रे आली आणि 2015 मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मोबाइलवरील कागदविरहित तिकीट आले. ज्या नोकरदार स्त्रीला पहाटे डबे भरून सकाळची गाडी गाठायची असते, तिला वाचलेल्या पंधरा मिनिटांचे मोल ठाऊक असते.

प्रश्न सोयीचा नाही. नवी वाट रुंद झाली की जुनी वाट हळूहळू बुजत जाते, हा खरा प्रश्न आहे. जोपर्यंत दोन्ही वाटा उपलब्ध आहेत, तोपर्यंत तंत्रज्ञान आपले साधन असते. दुसरी वाट बंद झाली की तेच साधन आपल्या दारावरचे कुलूप बनते.

धसईचा धडा

या दृष्टीने आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण उद्बोधक आहे. 500 व 1,000 रुपयांच्या नोटा रद्द झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, 1 डिसेंबर 2016 रोजी, मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानदारांकडे कार्ड घासण्याची यंत्रे आली. उत्साह मोठा होता. परंतु पुढे वार्ताहर पुन्हा गावात गेले, तेव्हा बरेचसे व्यवहार रोखीकडे परतल्याचे त्यांना दिसले. नेटवर्क कधी मिळे, कधी मिळत नसे, आणि आसपासच्या पाड्यांवरून बाजाराला येणाऱ्या अनेकांच्या हाती कार्ड नव्हते.

धसईच्या ग्रामस्थांना आधुनिकता नको होती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी नवी पद्धत वापरून पाहिली आणि ती अडली तेव्हा जुनी जवळ होती, म्हणून त्यांचा बाजार थांबला नाही.

अडखळतो तो कोण?

यंत्रणा बंद पडते तेव्हा सर्वांचे सारखेच नुकसान होत नाही. सुस्थितीतील माणूस दुसरे कार्ड काढतो किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम वापरतो. परंतु ज्यांच्या बोटांच्या रेषा आयुष्यभर विटा, सिमेंट आणि भांडी हाताळून पुसट झाल्या आहेत, त्यांचे ठसे शिधावाटपाच्या यंत्रावर जुळत नाहीत. आधार क्रमांकांच्या वाटपाची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी झाली. ठसा जुळला नाही तरी पात्र व्यक्तीला लाभ नाकारू नये, अशा सूचना पुढे आधार प्राधिकरणाला द्याव्या लागल्या. म्हणजे मूळ यंत्रणा उभारणाऱ्यांनाही अखेर दुसऱ्या वाटेची गरज मान्य करावी लागली.

आजी-आजोबांचे दुःख निराळे आहे. पूर्वी बँकेत गेल्यावर खिडकीपलीकडचा माणूस ओळखीचे हसत असे आणि स्लिप भरून देत असे. आता त्यांना नातवाला विचारावे लागते आणि नातू घाईत असतो. स्वतःच्या पैशांसाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहणे हा वृद्धांच्या स्वाभिमानाला बसलेला धक्का आहे. या असहायतेचाच फायदा घेऊन भामटे दूरध्वनीवरून त्यांच्याकडून ओटीपी काढून घेतात. असे घडल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

आपण काय करू शकतो?

उपाय फार मोठे नाहीत. घरातील पाच-सहा महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून ठेवावेत आणि मुलांकडून दोन तरी पाठ करून घ्यावेत. आपल्यापैकी किती जणांना आज आपल्या जोडीदाराचा क्रमांक न पाहता सांगता येईल? थोडी रोकड घरी आणि खिशात असावी. रुग्णाच्या औषधांची यादी व महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती केवळ मोबाइलमध्ये न ठेवता कागदावरही ठेवाव्यात. इंटरनेटविना साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सोय मार्च 2022 पासून उपलब्ध आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना ती शिकवावी.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. शाळा, गृहनिर्माण सोसायट्या, दवाखाने व पतपेढ्या यांनी सूचना केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर न देता फलकावरही लावावी. अर्ज ऑनलाइन असला तरी एक खिडकी उघडी ठेवावी आणि त्या खिडकीमागे घाई नसलेला एक माणूस बसवावा. तरुणांनी आठवड्यातील एक तास इमारतीतील वृद्धांसाठी राखून ठेवला, तर तोही मोठा आधार ठरेल.

पडघ्याची वाहिनी त्या दिवशी दुरुस्त झाली. यंत्रे बिघडतात आणि दुरुस्तही होतात. मधल्या काही तासांत आपल्या शेजारी राहणारी एकटी आजी औषध कोठून आणील, याचे उत्तर मात्र कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळणार नाही. ते आपल्यालाच, तिच्या दारावर टकटक करून, द्यावे लागेल.