त्रिमितीय पेशीसंवर्धन, कवकजन्य फुप्फुसरोगांच्या अभ्यासातील

त्रिमितीय पेशीसंवर्धन, कवकजन्य फुप्फुसरोगांच्या अभ्यासातील : मानवी फुप्फुसातील निरनिराळ्या पेशी शरीराबाहेर लांबी, रुंदी व जाडी अशा तिन्ही मितींत वाढवून त्या ऊतकसदृश (पेशीसमूहासारख्या) रचनेवर कवकांचा (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित सजीवांचा) संसर्ग अभ्यासण्याची पद्धत.

ॲस्परजिलस फ्यूमिगेटस हे कवक कुजणाऱ्या वनस्पतिज पदार्थांवर वाढते. शिरपूरसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत उकिरडे, भिजलेला कडबा, दमट जागी साठविलेला मका ही त्याच्या वाढीस अनुकूल ठिकाणे होत. त्याच्या बीजुकांचा व्यास सु. २ ते ३ मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) असल्याने ती श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी माणसात भक्षी पेशी त्यांचा नाश करतात. परंतु प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रोग्यात ती रुजतात, कवकतंतू रक्तवाहिन्यांत शिरतात आणि रोग अनेकदा प्राणघातक ठरतो. शेतीत वापरल्या जाणाऱ्या ॲझोल गटातील कवकनाशकांमुळे त्याच गटातील औषधांना दाद न देणारे प्रकारही उद्‌भवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या कवकाचा समावेश सर्वाधिक अग्रक्रमाच्या गटात केला.

वायुकोशातून रक्तात होणारा प्रवेश हा या रोगातील निर्णायक टप्पा होय. सपाट पात्रातील एकाच प्रकारच्या पेशींच्या थरात हवा व रक्त यांमधील सीमा नसते. उंदरांचे प्रतिकारतंत्र मानवाहून भिन्न असते. यासाठी सच्छिद्र पटलाच्या एका बाजूस वायुकोशाच्या अस्तराच्या व दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवितात. डब्ल्यू. डब्ल्यू. होप व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये अशा द्विस्तरी प्रतिकृतीवर बीजुके सोडली. कवकतंतू दोन्ही थर भेदून गेल्यावर गॅलॅक्टोमॅनन हे कवकभित्तीतील कार्बोहायड्रेट रक्तवाहिनीच्या बाजूस आढळले. रुग्णांच्या रक्तात याच पदार्थाची तपासणी करून रोगनिदान करतात. २०१० मध्ये अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात डी. हू, डी. ई. इंगबर इत्यादींनी श्वासोच्छ्‌वासाप्रमाणे ताणले जाणारे लवचिक पटल असलेली सूक्ष्म फुप्फुस-प्रतिकृती तयार केली. मूल पेशींपासून वाढविलेल्या सूक्ष्म गोलाकार रचनांचाही उपयोग होतो. मात्र त्यांची पोकळी बंद असल्यास बीजुके आत टोचावी लागतात.

मर्यादा : कवक वेगाने वाढून पेशींना व्यापून टाकत असल्याने प्रामुख्याने संसर्गाची प्रारंभिक अवस्थाच अभ्यासता येते. भक्षी पेशी मुद्दाम मिसळल्याशिवाय प्रतिकारक्रियेचे चित्र पूर्ण होत नाही. यकृतात होणारे औषधाचे रूपांतरही यात दिसत नाही. त्यामुळे प्राण्यांवरील प्रयोग पूर्णपणे टाळता येत नसले, तरी निरुपयोगी औषधे आरंभीच वगळता येतात. भारतात २०२३ च्या नियमदुरुस्तीने नवीन औषधांच्या तपासणीत अशा प्राणिविरहित पद्धतींना मान्यता मिळाली. संवर्धनास लागणारे पेशीवंश देशातील प्रयोगशाळांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पुरविले जातात.