ऊसवाहतुकीची ट्रॉली आणि तिचे ब्रेक

दसरा-दिवाळी उलटून साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मांजरेच्या काठापासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी गजबजून जातात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर माणसाच्या उंचीहून कितीतरी वर रचलेला ऊस, आणि पुष्कळदा त्या उसावरच बसलेली तोडणी-टोळीतील माणसे व मुले, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील धोका आपल्या नजरेस येईनासा झाला आहे. ट्रॅक्टर घेताना शेतकरी त्याची अश्वशक्ती विचारतो, म्हणजे ओझे ओढले कसे जाईल याची चौकशी करतो. परंतु ओढलेले ओझे थांबेल कशाने, ही चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न बैलच सोडवीत असे. उतार लागला की जू पुढे सरकून शिंगांपाशी भिडे आणि बैल पाय रोवून मागून येणारा रेटा अंगावर घेई. ओझे बैलांच्या आवाक्याबाहेरचे असले तर मुळात गाडी चढ चढतच नसे. त्यामुळे जे ओढता येते ते बहुधा आवरताही येते, असा सहज मेळ होता. यंत्राने हा मेळ मोडला. आजचा ट्रॅक्टर जेवढे ओढू शकतो तेवढे तो स्वतःच्या ब्रेकांनी थांबवू शकत नाही.

याचा हिशेब करून पाहावा. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन असते व त्याचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांनाच असतात. समजा, ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून ६ मीटरांत थांबतो. त्याच्यामागे ट्रॉल्यांसह १८ टनांचे ओझे जोडले आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर थांबविणारे बळ पूर्वीइतकेच राहून थांबवावयाचे वजन मात्र दसपट होते. अर्थात् अंतरही दसपट, म्हणजे ६० मीटर लागते. चालकाचा पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी ७ मीटरांची भर पडते. दोनचाकी ट्रॉलीच्या दांडीचा थोडा भार ट्रॅक्टरवर येऊन मागच्या चाकांची पकड काहीशी वाढते, हे खरे. तथापि त्याने हिशेबाचे स्वरूप पालटत नाही. उलट वेग निम्मा केला तर ६० मीटरांचे अंतर १५ वर येते, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते व घटते. ज्याच्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत त्याच्या हाती वेग कमी ठेवणे हाच खरा ब्रेक आहे.

सपाटीवर हे असे, तर उतारावर काय होत असेल? लातूर बालाघाटच्या पठारावर आहे आणि नांदेड गोदाकाठी, सुमारे अडीचशे मीटर खाली. अहमदपूर, लोहा या बाजूने जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर मोटारीतून जाणाऱ्यास हा उतार जाणवतही नाही. पण भरलेल्या ट्रॉल्यांना तो जाणवतो. वीस टनांची गाडी केवळ ५० मीटर खाली उतरली, तर त्या उतरण्यात जी शक्ती मोकळी होते तिने ३० लिटर, म्हणजे दोन घागरी पाणी उकळू लागेल. चालक ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ही सारी उष्णता दोन चाकांच्या ब्रेकांत साठते, अस्तर तापते, त्याची पकड सुटत जाते, आणि उताराच्या तळाशी जेथे ब्रेकची खरी गरज असते तेथेच तो लागत नाही.

म्हणून ज्या गिअरने तो चढ चढता आला असता त्याच गिअरने उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घालावा. मध्येच बदलू म्हटले तर जुना गिअर सुटतो व नवा पडत नाही, आणि मग गाडी पूर्णपणे मोकळी सुटते. उतारावर क्लच दाबू नये. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची एक खोड आपल्याकडे सर्रास आहे. तिच्यात बचतही नाही. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवितात आणि डिझेलचा पंप पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते.

ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या चाकाचे ब्रेक निरनिराळे असतात, कारण तासाच्या टोकाला एकच चाक धरून वळावे लागते. रस्त्यावर येताना ही दोन पेडले कडीने एकत्र जोडावयाची असतात. याविषयी मी माझ्याच चुकीवरून लिहितो. एका वर्षी नांगरट आटोपून मी तसाच सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली जोडून लातूरच्या बाजाराकडे निघालो. कडी लावावयाची राहून गेली. वाटेत शेळी आडवी आली, पाय उजव्या पेडलवरच पडला, ट्रॅक्टर जागच्या जागी उजवीकडे फिरला आणि मागून ट्रॉलीने त्याला खड्ड्यात ढकलले. पोती वेचून घेता आली. मडगार्डवर बसलेला माझा पुतण्या मात्र आजही लंगडतो.

त्या दिवशी ट्रॉलीने जे केले ते ब्रेक नसलेली प्रत्येक ट्रॉली संधी मिळताच करते. पुढचे वाहन थांबू लागते, मागचे थांबावयास तयार नसते. ते दांडीतून रेटा देते, आणि पुढचे जरा तिरपे असले की कातरीच्या पात्यांप्रमाणे दोन्ही मिटतात. दोन ट्रॉल्या असल्या तर मिटण्याच्या जागाही दोन होतात. ह्यावर उपाय एकच: ओझ्याचा ब्रेक ओझ्याच्याच चाकांना असला पाहिजे, आणि तो ट्रॅक्टरच्या ब्रेकाआधी किंचित् लागला पाहिजे, म्हणजे सारी गाडी ताणलेली राहते.

ही गोष्ट आगगाडीने फार पूर्वीच ओळखली. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी अमेरिकेत १८६९ साली हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि १८७२ च्या सुधारणेने त्यात अशी योजना केली की नळी तुटली किंवा डबा सुटला तर ब्रेक निकामी न होता उलट आपोआप लागावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आगगाडी आली, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पहिल्या फेरीत १० वाघिणी व सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. ते अफाट ओझे एकट्या इंजिनाने थांबविलेले नव्हते. प्रत्येक वाघीण आपल्या चाकांवर आपला भार थांबवीत होती.

ट्रॉलीसाठीही अशा योजना उपलब्ध आहेत. एकीत ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉलीचा रेटाच दांडीतील दट्ट्या दाबून तिच्या चाकांचे ब्रेक लावतो. ही योजना स्वस्त व साधी आहे, परंतु गाडी मागे घेताना ब्रेक अडतो, तो सोडण्याची सोय असावी लागते. आणि मोठ्या ओझ्यास ती अपुरी पडते. दुसरीत ट्रॅक्टरवरील तेलाचा वा हवेचा दाब नळीने ट्रॉलीपर्यंत नेलेला असतो. युरोपात मोठ्या शेती-ट्रॉल्यांना दोन नळ्यांची हवेची पद्धत रूढ आहे, व तीत नळी तुटताच ट्रॉली स्वतः थांबते. आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्या जवळपासच्या वर्कशॉपांतच बनतात. तेव्हा नवी ट्रॉली सांगताना ब्रेकसह आख मागावा. खर्च वाढेल, पण दहा सभासदांनी एकत्र मागणी केली तर तो बराच उतरेल.

भाडे टनावर मिळते, म्हणून ट्रॉली जास्त भरली जाते. चालकाला दोष देणे सोपे आहे. पण उचल फेडावयाची असली की तो आणखी दोन मोळ्या चढविणारच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. एका दंडात कित्येक खेपांची कमाई जाते, एवढा तरी हिशेब मालकाने करावा.

पिकअप गाडीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण मळणीयंत्र वा जनित्र तिच्यामागे बांधून नेण्याची चाल वाढत आहे. दोनचाकी गाड्यावर माल असा ठेवावा की गाड्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीवर येईल. माल मागे झुकला तर वेगात गाडा शेपटीसारखा हेलकावे घेऊ लागतो. तसे झाल्यास जोरात ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडून वेग ओसरू द्यावा. उलट पिकअपच्या मागच्या भागावर अतिभार पडला तर पुढची चाके हलकी होतात, आणि ब्रेकचा मोठा हिस्सा पुढच्या चाकांवरच अवलंबून असतो. उतारावर इंजिन बंद करू नये. बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन दाबांत संपते व पेडल दगडासारखे कठीण होते.

निघण्यापूर्वी हुकाची पिन झिजली आहे काय ते हात लावून पाहावे, तिच्या खालच्या भोकात चाप घालावा, आणि पिनेखेरीज दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक भक्कम साखळी बांधावी. पिनेऐवजी मिळेल ती सळई घालणे सर्वस्वी त्याज्य होय. टोळीतील माणसांना भरलेल्या उसावर किंवा दोन ट्रॉल्यांमधील दांडीवर बसू देऊ नये. रिकाम्या परतीच्या ट्रॉलीतही मुले फाळक्याला टेकून बसतात. फाळक्याची कडी पाहून घ्यावी. ट्रॉलीच्या मागे तांबडी परावर्तक पट्टी असावी व तिच्यावरील चिखल रोज पुसावा. आणि चढावर गाडी थांबली असता चाकामागे जो दगड लावतो, तो गाडी निघाल्यावर उचलून बाजूस टाकावा. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्यास तो दिसत नाही.